गुलाबाची पानं, पेव्हर ब्लॉक आणि एकांडी माशी

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. आम्ही विश्रामबागला राहतो. गच्चीवर गुलाब, बोगनवेल, दुहेरी जास्वंद, पिटुनिया अशा खूप कुंड्या आहेत. काही दिवसांपासून गुलाबाची पानं कडेने कुणीतरी गोल गोल कापून नेतंय. नर्सरीवाल्याने अळीचं औषध दिलंय, अजून मारलेलं नाही. खिडकीच्या चौकटीतलं स्क्रूचं भोकही कुणीतरी हिरवं हिरवं कोंबून बुजवलंय. आणखी एक. तासगाव तालुक्यात माझ्या आत्याच्या जुन्या घराच्या भिंतीत निळ्या पट्ट्यांच्या माश्या राहायच्या. आमच्याकडे एवढी फुलं असूनही त्या कधी दिसल्या नाहीत. शहरात फुलांना काय तोटा? मग त्या का येत नाहीत?
– एक वाचक भगिनी, विश्रामबाग, सांगली

उत्तर : औषध अजून मारलं नाहीत, फार बरं केलंत. ते मारूच नका. पानं कापणारी अळी नाही, माशी आहे, आणि ती पान खातही नाही. तुमच्या खिडकीच्या भोकातलं हिरवं तिनेच कोंबलंय. तुमच्या दोन तक्रारी म्हणजे एकाच आईचं काम आहे.

तिला पानकापी माशी म्हणतात, शास्त्रीय नाव मेगॅकाईल. गुलाबाच्या पानावर बसून ती जबड्याने कडेचा लांबट तुकडा कापते, पायांत धरते आणि भोकात नेऊन त्याची नळी वळते. त्या नळीत परागकण आणि थोडा मध कालवून गोळा ठेवते, त्यावर एक अंडं घालते आणि मग बरोबर गोल कापलेल्या तुकड्यांचं झाकण लावते. त्यापुढे दुसरी खोली, मग तिसरी. म्हणून तुमच्या पानांवर दोन आकार दिसतील, लांबट आणि गोल. भिंगातून बघा, गोल तुकड्याची कड इतकी साफ असते की कात्रीलाही जमणार नाही. आतल्या खोल्यांत बहुधा मुली असतात आणि दाराजवळ मुलगे, कारण मुलगे आधी बाहेर पडतात. गुलाबाला चार पानं गेल्याने काही होत नाही. झाड तुम्ही दरवर्षी छाटताच की.

ही माशी एकांडी. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही, मधाचा साठा नाही. आपल्याला मधमाशी म्हटलं की आग्या, फुलोरी, सातेरी, फार तर पोयाची बारकी माशी आठवते. पण जगात माश्यांच्या वीस हजारांहून जास्त जाती आहेत आणि त्यांतल्या बहुतेक एकांड्या आहेत. प्रत्येक मादी आपलं घर आपण बांधते, आपल्या पिलांची शिदोरी आपण भरते आणि काही आठवड्यांत मरून जाते. पिलांची तोंडं ती बघत नाही. अंडी घालते तीही जेमतेम डझन-दोन डझन. राखायला पोळं नसल्याने ती अंगावर येत नाही, चिमटीत धरलीत तरच डसेल. नराला तर नांगीच नसते.

आता तुमचा खरा प्रश्न, फुलं आहेत तर माश्या का नाहीत. मला विचाराल तर आपल्या शहरांत आज विचारण्यासारखा हाच प्रश्न आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

तुमच्या यादीतली फुलं बघा. बोगनवेलीचा तो गुलाबी रंग फुलाचा नाहीच, पानांचा आहे. खरं फूल आत बारकं पांढरं असतं. दुहेरी जास्वंदीत पुंकेसरांच्या पाकळ्या झालेल्या असतात, त्यामुळे पराग नावापुरता. डबल पिटुनियाचं आणि भरगच्च पाकळ्यांच्या गुलाबाचंही तेच. रंग आपल्यासाठी भरपूर, पण माशीला लागतो तो पराग, कारण पिलाचं सगळं प्रथिन त्यातूनच येतं. मध ती कुठल्याही फुलावर पिऊन घेईल. पिलासाठी पराग गोळा करताना मात्र अनेक जाती अतिशय काटेकोर असतात.

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. लिथर्गस नावाच्या माश्या आहेत. त्यांतल्या आपल्या देशातल्या जाती पराग गोळा करतात तो प्रामुख्याने कापूस-भेंडीच्या कुळातला. कापूस, भेंडी, साधी जास्वंद, रानभेंडी, पेटारी, चिकणा. या कुळाचा पराग चांगला जाडाभरडा असतो. भेंडीच्या फुलात बोट फिरवलंत तर पिवळे कण सुटे सुटे दिसतात. लिथर्गस मादी हा पराग पोटाखालच्या केसांत भरून नेते, आणि घर करते ते मऊ पडलेल्या, वाळक्या लाकडात, स्वतः कोरून. पानांचं अस्तर नाही की मातीचा गिलावा नाही.

म्हणजे हिला दोन गोष्टी हव्यात, भेंडीच्या कुळातलं फूल आणि कुजकं लाकूड. तीही एकमेकांपासून लांब असून चालत नाहीत. लहान एकांड्या माश्या घरापासून साधारण दीडशे ते सहाशे मीटरच्या आतच चारा आणतात. तुमच्या गच्चीपासून सहाशे मीटरचं वर्तुळ मनात काढा. त्यात चिकणा कुठे आहे? पूर्वी मोकळ्या प्लॉटवर, गटाराच्या कडेला, शाळेच्या कुंपणाला हमखास असायचा. आता तो प्लॉट बांधला गेला, आणि जो उरला तिथे ‘स्वच्छता’ म्हणून तणनाशक मारलं. वाळका ओंडका? तो तर लोक पहिल्यांदा उचलतात. कृष्णाकाठच्या मळीत, म्हणजे नदीकाठच्या गाळाच्या रानात, दोन्ही असेल, पण मळी तुमच्यापासून काही किलोमीटर लांब. या माशीच्या हिशेबात ते दुसरं राज्य झालं.

शहराचा मार सगळ्या माश्यांवर सारखा पडत नाही, तो असा. जी माशी काहीही खाते आणि कुठल्याही भोकात राहते, तिला शहर मानवतं. तुमची पानकापी पाहा ना, स्क्रूच्या भोकात संसार मांडला. बांबूत, दाराच्या चौकटीत बिळं पाडणारा काळा भुंगाही टिकतो. मागे हटतात त्या दोन तऱ्हेच्या : ठरावीक झाडावर जगणाऱ्या, आणि जमिनीत राहणाऱ्या. ज्या दोन्ही आहेत, त्यांची सगळ्यात वाईट अवस्था. आणि त्या गेल्या हे कुणाला कळतही नाही. आग्याचं पोळं काढलं तर कॉलनीभर चर्चा होते. चांदवेलीच्या फुलावर येणारी बोटाच्या पेराएवढी माशी येईनाशी झाली, तर पत्र कोण लिहिणार?

चांदवेल म्हणजे आपली हरणखुरी, रानात आडवी पसरणारी, पांढऱ्या-गुलाबी नरसाळ्यासारख्या फुलांची. शेतकऱ्याच्या जिवावर उठलेलं तण, ते मला माहीत आहे. माझं माहेर हरिपूरचं, वांग्याच्या वाफ्यांतून ती उपटण्यात माझी सुट्टी जायची. पण सिस्ट्रोफा नावाच्या एकांड्या माश्यांचं एक घराणं या वेलीच्या कुळावरच पोसलेलं आहे, युरोप-आफ्रिकेपासून आशियापर्यंत. त्यांचे नर रात्री याच फुलात झोपतात. जेवण तिथे, झोप तिथे, आणि मादीची बिळं जवळच्या कडक जमिनीत. बांधावर चार हात चांदवेल राहू दिली तर पिकाचं फारसं बिघडत नाही, असं मी आता माहेरीही सांगते.

आत्याच्या भिंतीतली निळ्या पट्ट्यांची माशी म्हणजे अमेगिला. ती खाण्याच्या बाबतीत एवढी हट्टी नाही. तुळस, सब्जा, वांगी, टोमॅटो, बऱ्याच फुलांवर जाते. तिची अडचण घराची. ती बीळ करते ती मऊ मातीत, नदीच्या उभ्या दरडीत, नाहीतर पांढऱ्या मातीच्या जुन्या भिंतीत. त्या भिंती पाऊस झेलत, आतून कोरड्या राहत. आमच्या माहेरच्या परड्यातल्या भिंतीलाही चाळणीसारखी भोकं होती आणि आजी दिवाळीचं सारवण करताना तेवढा पट्टा सोडून सारवायची. ‘राहू दे त्यांचं,’ एवढंच म्हणायची. आता तिथे सिमेंटची भिंत आहे. सिमेंटमध्ये बीळ करता येत नाही, वर भिंतीखालची जागाही कोब्यात गेलेली.

तिचं नसणं आपल्या ताटापर्यंत येतं. वांगं आणि टोमॅटो यांच्या फुलात पराग बंद कुपीत असतो, टोकाच्या बारीक छिद्रातून तो हलवून पाडावा लागतो. अमेगिला फूल घट्ट धरते आणि पंख न हलवता छातीचे स्नायू थरथरवते, आवाजसुद्धा येतो, आणि पराग भुरभुरून तिच्या पोटावर पडतो. भुंग्यालाही हे जमतं. पेटीतल्या सातेरीला जमत नाही. वाऱ्याने थोडं काम होतंच, पण माशी आली तर फळ जास्त धरतं आणि भरतंही चांगलं. कृष्णाकाठच्या वांग्यांचं एवढं कौतुक आपण करतो, त्यात तिचाही हात आहे.

तुम्हाला करता येईल ते सांगते. एका मोठ्या कुंडीत वांगं लावा, एकीत तुळस फुलू द्या. मंजिऱ्या लगेच खुडू नका. दुहेरी जास्वंदीच्या जोडीला गणपतीला वाहतो ती साधी पाच पाकळ्यांची लाल लावा. भेंडीची दोन रोपं. एखादी तूर, कारण तुरीचं फूल दाबून उघडणं पानकापीला आणि भुंग्याला उत्तम साधतं. खाली कंपाउंडमध्ये उन्हाच्या बाजूला हातभर रुंद मातीची पट्टी उघडी ठेवा, तिथे पाणी नको, पालापाचोळ्याचं आच्छादनही नको. आणि खिडकीतलं ते हिरवं बूच पुढच्या मोसमापर्यंत हलवू नका.

प्रश्न : मी सातारला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काही माश्या एकाच झाडाचा पराग घेतात असं वाचलं. मग शहरात ते झाड नसेल तर त्या दुसऱ्याची सवय लावून घेत नाहीत का? माणसं नाही का बदलत?
– एक विद्यार्थी, शाहूपुरी, सातारा

उत्तर : तुझा प्रश्न शास्त्रज्ञांनाही पडला आणि त्यांनी तो सरळ माश्यांनाच विचारला. स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विशेषाहारी, म्हणजे ठरावीक झाडांचाच पराग घेणाऱ्या, माश्यांची पिलं परक्या झाडांच्या परागावर वाढवून पाहिली. बहुतेक पिलं वाढली नाहीत, मेली. पराग पोटात गेला, पण पचला नाही. झाडालाही आपला पराग सगळ्यांनी लुटून न्यायला नको असतो, म्हणून काही पराग पचायला अवघड, काही चक्क विषारी असतात. ते पचवण्याची तयारी त्या माशीच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेली असते.

याच गटाने २०११ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. ऑस्मिया वंशाच्या दोन जवळच्या बहिणी, दोघीही अनेक फुलांवर जाणाऱ्या. एकीच्या पिलांना बटरकप या तिकडच्या रानफुलाचा पराग मानवला आणि एकियम या दुसऱ्या फुलाचा नाही. दुसरीच्या पिलांचं नेमकं उलट. म्हणजे ‘काहीही खाणारी’ माशीसुद्धा खरोखर काहीही खात नाही. वेगवेगळे पराग मिसळून ती भागवते, आणि त्यासाठी आसपास वेगवेगळी फुलं लागतात.

शहरात काय होतं हेही बघितलं गेलंय. अँटवर्प, पॅरिस, पोझनान, टार्टू आणि झुरिक या पाच शहरांत पोकळ नळ्यांची घरटी लावून, आत साठवलेला पराग डीएनएवरून ओळखला. मिश्राहारी, म्हणजे अनेक फुलांवर जाणाऱ्या, माश्यांनी शहरातली झाडं, बागेतली फुलं, जे मिळेल ते घेतलं होतं. केलोस्टोमा फ्लोरिसोम्ने ही विशेषाहारी माशी मात्र गजबजलेल्या शहरातही बटरकपलाच धरून होती. ती शहरात राहते, पण बटरकप असेल तिथेच. तू सवयीचं विचारलंस. सवय एका आयुष्यात लागते, हे पचन लागायला पिढ्या जातात. आपल्या शहरांचा नकाशा तर एका दशकात बदलतो.

तुम्ही साताऱ्याची मुलं भाग्यवान. अजिंक्यताऱ्याचा उतार कॉलेजच्या वाटेवर आहे, कास वर आहे. पण प्रकल्प करायचा तर कासला जाऊ नकोस, तिथे आधीच सगळे जातात. शाहूपुरीतला एखादा न बांधलेला प्लॉट घे आणि वर्षभर दर आठवड्याला कुठल्या फुलावर कोण आलं ते लिहून ठेव. माशीचं नाव नाही कळलं तरी आकार, रंग, पराग पायावर आहे की पोटाखाली, एवढं लिही. पोटाखाली पराग असेल तर ती पानकापीच्या गोतातली असण्याची शक्यता मोठी. वही भरली की मला दाखव. शहरातल्या अशा नोंदी आपल्याकडे फार थोड्या आहेत आणि ज्या आहेत त्यांची किंमत मोठी आहे.

प्रश्न : मधमाश्या वाचवण्यासाठी गच्चीवर सातेरीची पेटी ठेवावी म्हणतो. माश्यांना घर करायला नळ्या लावलेलं, ऑनलाइन मिळणारं ‘बी हॉटेल’ही मागवलंय. योग्य आहे का?
– एक वाचक, कराड

उत्तर : मधासाठी पेटी ठेवायची तर जरूर ठेवा, मात्र रीतसर शिकून. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ झालं. तिथे भोवती जंगल आहे, फुलोरा आहे, पिढ्यांची माहिती आहे. कराडच्या गच्चीवर पेटी ठेवल्याने एकांड्या माश्या वाचतील, असं मात्र नाही. पेटीत हजारो तोंडं असतात आणि ती त्याच थोड्या फुलांवर जातात. पॅरिसमध्ये २०१९ च्या अभ्यासात पेट्यांची दाटी जिथे जास्त, तिथे फुलांवर रानटी माश्यांचं येणं कमी आढळलं. स्वित्झर्लंडच्या १४ शहरांत २०१२ ते २०१८ या काळात पेट्या तीन हजारांवरून नऊ हजारांपुढे गेल्या, आणि तेवढी फुलं शहरात आहेत का, असा प्रश्न तिथल्या संशोधकांनीच उभा केला. आधी फुलं वाढवा, पेटीचं नंतर बघू.

हॉटेलचं म्हणाल तर नळ्या मागून बंद हव्यात, वीतभर खोल, भोकं पेन्सिलीपेक्षा बारीक ते करंगळीएवढी, आतून गुळगुळीत. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या असतील तर परत करा, त्यात दमट धरून बुरशी येते. पावसाची झड लागणार नाही अशा ठिकाणी, सकाळच्या उन्हाला, घट्ट बांधा. वाऱ्याने हलणाऱ्या घरात ती येत नाही. त्यापेक्षा बुरुडाकडून बांबूचे तुकडे आणा, पेराच्या एका बाजूची गाठ तशीच राखून कापलेले. शंकासुराच्या छाटलेल्या, भेंड असलेल्या काड्या उभ्या ठेवा; बंगळुरूच्या अभ्यासकांना सेरेटिना ही चिमुकली माशी अशा काड्यांतच घरं करताना आढळली आहे. दोन-तीन लहान जुड्या वेगवेगळ्या जागी ठेवा, एकच मोठं घर नको, कारण गर्दी झाली की परजीवी माश्या आणि बुरशी यांचं फावतं. आणि लक्षात असू द्या, निम्म्याहून कितीतरी जास्त जाती जमिनीत राहतात. त्यांच्यासाठी कुठलंही हॉटेल विकत मिळत नाही.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या सगळ्या मोकळ्या जागेत पेव्हर ब्लॉक बसवण्याचा विषय पुढच्या सभेत आहे. चिखल होतो, मुलं माती आणतात, असं सगळे म्हणतात. मागच्या भिंतीलगत जमिनीत बारकी बिळं आहेत, त्यांतून पिवळा पराग घेऊन माश्या ये-जा करतात. मी एकटी काय सांगू?
– एक वाचक, मिरज

उत्तर : बिळांच्या तोंडाशी भुसभुशीत मातीची बारीक रास आहे ना? मग ती एकांड्या माश्यांची वसाहत आहे. घरं शेजारी शेजारी, पण प्रत्येकीचा संसार वेगळा. पुढच्या वर्षीची पिलं आत्ता त्याच जमिनीखाली आहेत. त्यावर मुरूम दाबून ब्लॉक बसवले की ती वर येऊ शकणार नाहीत, आणि वरून कुणालाही काही दिसणार नाही.

सभेत माश्यांपासून सुरुवात करू नका, पाण्यापासून करा. बोअरचं पाणी उन्हाळ्यात कुठे जातं हे मिरजेच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. मोकळी माती पाऊस मुरवते, ब्लॉकखालची दाबलेली जमीन तेवढा मुरवत नाही. उन्हात ब्लॉक तापतात, भिंती तापतात, तळमजल्यावरच्यांना ते रोज जाणवतं. मग सांगा, गाड्या फिरतात तिथे ब्लॉक बसवा, चालायची वाट करा, पण मागच्या भिंतीलगतची पट्टी जशी आहे तशी राहू द्या. त्या बाजूने कुणी जातही नसणार. जिथे ब्लॉक बसतील तिथल्या फटी सिमेंटने भरू नका, वाळूने भरा. बर्लिनमध्ये जुन्या दगडी फुटपाथच्या वाळूच्या फटींत एकांड्या माश्यांनी घरं केलेली सापडली आहेत. त्या पट्टीवर डासांचा धूर आणि तणनाशक मारू नये, एवढंही ठरावात लिहून घ्या.

‘चावतील’ असं कुणीतरी म्हणेलच. त्यांना सकाळी दहाच्या सुमारास, ऊन आलं की, तिथे घेऊन जा आणि बिळांपासून हातभर अंतरावर बसवा. माश्या त्यांच्या कामात असतात. लहान मुलांना आधी न्या, मुलं घरी जाऊन आई-बाबांना सांगतात. माझ्या अनुभवात पत्रकापेक्षा हे जास्त चालतं.

सभेची तारीख मासिकाच्या पत्त्यावर कळवा. सांगलीहून मिरज काही लांब नाही, मी येते. भिंग आणि भेंडीची फुलं माझ्याकडे असतील. सभेआधी अर्धा तास तुमच्या मागच्या भिंतीजवळ सगळ्यांना बोलवा.